‘म्हणे’च्या डब्यातली करंजी

आमच्या घरात वर्तमानपत्र वाचून झालं की आधी कात्रीखाली जातं, मग रद्दीत. ही शिस्त माझ्या सासऱ्यांची. ते सोनईच्या शाळेत शिक्षक होते आणि नोकरी लागल्यापासून कात्रणं काढत आले. बाकीचे लोक कात्रणं विषयवार लावतात: शेती, राजकारण, क्रिकेट, आरोग्य. आमच्याकडे विषय नाहीत. आमच्याकडे तीनच कप्पे आहेत. ‘झालं’, ‘होणार’ आणि ‘म्हणे’.

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, मास्तर माणसाची ही काहीतरी थट्टा असेल. थट्टा मुळीच नव्हती. पूल होणार, रस्ता होणार, गावाला नळ येणार अशी बातमी आली की ती ‘होणार’मध्ये जायची. तो पूल खरोखर बांधून झाला आणि सासरे स्वतः त्यावरून चालून आले, की मगच ती बातमी तिथून उठून ‘झालं’मध्ये जायची. दुसऱ्या कुणी पाहिलेलं चालत नसे. सुट्टीच्या दिवशी पिशवीत भाकरी बांधून घेऊन ते एसटीनं निघायचे. एकदा नव्या टाकीचं पाणी खरंच नळाला आलंय का, हे बघायला ते पार पारनेरपर्यंत गेले, तिथल्या नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायले आणि परत आले. त्यांच्याबरोबरचे शिक्षक सुट्टीत देवदर्शनाला जात, हे पाण्याच्या टाक्या बघायला जात.

आणि ज्याचा कधी थांगपत्ताच लागणार नाही, ते सगळं ‘म्हणे’मध्ये. दोन तोंडांचं वासरू, विहिरीत दिसणारा उजेड, शंभरी ओलांडूनही सुईत दोरा ओवणारे कुठलेसे आजोबा. ‘झालं’ एका पत्र्याच्या ट्रंकेत मावायचं. ‘म्हणे’ला बिस्किटांचा जुना डबा पुरायचा. ‘होणार’ला मात्र साड्यांच्या दुकानातून खोकी मागून आणावी लागली, आणि ती आमच्या पलंगाखालून निघून माझ्या कपाटाच्या डोक्यावर जाऊन बसली. माझ्या साड्या खाली गादीच्या घडीत आणि साड्यांच्या खोक्यांत बातम्या, असा आमचा संसार.

कात्रण डिंकानं चिकटवायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. चिकटवलेली बातमी पुढे हलवायची कशी? पोरांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं ते जपून ठेवत आणि त्यांवर कात्रण सुईदोऱ्यानं टाचत. चार कोपऱ्यांना सैलसे टाके. बातमी खरी झाली की टाके उसवायचे आणि दुसऱ्या पानावर घालायचे. हे टाके घालायला त्यांना माझ्या सासूबाईंनी शिकवलं.

मी नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये पार्ट तपासायच्या कामाला आहे. आमच्याकडेही तीन ट्रे असतात: ओके, रीवर्क आणि रिजेक्ट. गेज लावून माप तपासल्याशिवाय पार्ट ओकेच्या ट्रेमध्ये टाकला तर सुपरवायझर डोक्यावर बसतो. त्यामुळे माझं आणि सासऱ्यांचं पहिल्या आठवड्यातच गूळपीठ जमलं. माझ्या नवऱ्याला मात्र ही खोकी डोळ्यांसमोर नकोत. त्याचं सगळं लहानपण त्या खोक्यांना पाय लागू नयेत म्हणून पाय पोटाशी घेऊन झोपण्यात गेलंय, असं तो म्हणतो.

नावं मी इथे कुणाचीच लिहीत नाही. एकदा पेपरानं आमच्या घरातलं नाव छापलं आणि पुढे काय झालं, तेच तर सांगायचंय.

माझ्या सासूबाई पाथर्डीकडच्या. मी त्यांना आईच म्हणते. कोरडवाहू मुलूख, शेतकऱ्याचं घर, बारा महिने खाणं बाजरीचं. बाजरी त्यांचं ऐकते. त्यांनी थापलेली भाकरी फुगली नाही असं मी अजून पाहिलेलं नाही, आणि माझी फुगली तर त्या शेजारणीला बोलावून दाखवतात. सोनईत त्यांना कुणी नावानं ओळखत नसे. शिक्षकाची बायको म्हणजे ‘सरांच्या मिसेस’. वाण्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. घरात सासरे त्यांना “अगं” म्हणत आणि त्या “अहो”. त्यांच्या वेळी नवऱ्यानं बायकोला चारचौघांत नावानं हाक मारणं आगाऊपणाचं समजत.

तर एका संक्रांतीला सोनईत बायकांनी हळदीकुंकवाबरोबर पाककलेची स्पर्धा ठेवली. बाजरीचा गोड पदार्थ करून आणायचा होता. कुणी खीर केली, कुणी लाडू केले. आईंनी करंजी केली. जिनं बाजरीचं पीठ कधी मळलंय तिला यातली मेख लगेच कळेल. बाजरीला गव्हासारखा चिवटपणा नसतो. भाकरी जमते तीसुद्धा पिठाला विरी असेल तर. पीठ जुनं झालं, विरी गेली, की भाकरी थापता थापता चिरते. असल्या पिठाची पातळ पारी लाटायची, सारण भरायचं, कडेला मुरड घालायची आणि वर ती तेलात सोडायची, हे ऐकूनच बाकीच्या बायका हसल्या असतील. पण करंजी झाली. पहिला नंबर आला आणि स्टीलचा डबा मिळाला.

सासरे त्या दिवशी गावात नव्हते. शिक्षकांच्या शिबिरासाठी श्रीगोंद्याला गेले होते. परत आले ते पेपर हातात घेऊनच. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात स्पर्धेची चार ओळींची बातमी होती. बातमी पाठवणाऱ्यानं गावात विचारलं असणार, पहिली कोण आली, आणि त्याला उत्तर मिळालं असणार, अमक्या सरांच्या मिसेस. त्यानं तसंच लिहून पाठवलं. छापताना जागा कमी पडली की आणखी काय झालं देव जाणे, पण ‘मिसेस’ गळाल्या. बाजरीच्या करंजीसाठी पहिला क्रमांक मिळाला होता खुद्द सरांना.

शाळेत हसून हसून पुरेवाट झाली. “सर, करंजी कधी खिलवताय?” हे स्टाफरूममधलं रोजचं झालं. कुणीतरी फळ्यावर करंजीचं चित्र काढून खाली सरांचं नाव लिहिलं. सासऱ्यांनी सगळं हसून घेतलं, घरी आले, कात्री काढली, बातमी कापली आणि कोऱ्या पानावर टाचली. ‘म्हणे’मध्ये.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. बातमीत लिहिलंय की मी करंजी केली. मी केलेली नाही. मग ‘झालं’मध्ये कशी घालू? एवढं बोलून थांबले असते तर निभावलं असतं. पण मास्तरच ते. पुढे म्हणाले, “आणि निव्वळ बाजरीला मुरड पडत नसते. थोडा गहू घातला असशील.”

“चिमटभर बी न्हाई,” आई म्हणाल्या.

“मग करून दाखव.”

“करून दावायची म्हंजे माज्यावर इस्वास न्हाई. आदी ‘झालं’मदी टाका, मंग करते.”

“आधी बघेन, मग टाकेन.”

तेव्हापासून आमच्या घरात बाजरीची करंजी झालेली नाही. दिवाळीला मैद्याच्या करंज्यांचे डबे भरले, ही एक सोडून. मी घरात आले तेव्हा हे भांडण चांगलं मुरलेलं होतं आणि दोघं ते मोठ्या हौसेनं चालवत होते. पाहुणा आला की त्याला दोन्ही बाजू ऐकाव्या लागत, आणि तो बिचारा चहा संपवून निकाल न देताच उठे. मीही कधी इकडून तर कधी तिकडून काडी टाकायचे आणि मजा बघायचे.

आता आम्ही सगळे नगरमध्ये राहतो. जिल्ह्याचं नाव बदलल्याची बातमी आली तेव्हा तीसुद्धा आधी ‘होणार’मध्येच गेली. मग सासऱ्यांनी मुलाला गाडी काढायला लावली, एका सरकारी कचेरीसमोर जाऊन नवी पाटी वाचली आणि घरी येऊन टाके उसवले. पाटीवरची मोठी अक्षरं तेव्हा त्यांना अजून दिसत होती. पुढे डोळ्यांच्या पडद्यानं दगा दिला. आता समोरचा माणूस त्यांना कडेकडेनं दिसतो, मधोमध चेहरा मात्र दिसत नाही. पेपर मी वाचून दाखवते. काय कापायचं ते सांगतात, मी कापते आणि आई टाचतात.

पण ‘होणार’मधून ‘झालं’मध्ये आता काही जात नाही. सोनईच्या वाटेवरच्या एका ओढ्यावर पूल झाला तेव्हा नवरा मुद्दाम वाट वाकडी करून गेला, पुलावर उभा राहिला आणि मोबाईलवर फोटो काढून घेऊन आला. सासऱ्यांनी मोबाईल डोळ्यांशी नेला, तिरका धरून पाहिला आणि परत दिला. “पूल तू पाहिलास. मी नाही,” ते म्हणाले. “फोटो ‘म्हणे’मध्ये ठेव.”

मग त्यांनी स्वतःच ठरवलं की हा पसारा आता जो वाचू शकेल त्याच्याकडे गेला पाहिजे. इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मॅडम बघायला आल्या. तरुण बाई, केसांत चष्मा खोचलेला, बोलणं भराभर. मला वाटलं, खोकी बघून त्या पळ काढतील. त्या फरशीवर बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. म्हणाल्या, कात्रणं पुष्कळांकडे असतात, पण एका मुलखाला काय काय मिळणार होतं आणि त्यातलं काय मिळालं, हे टाक्यांच्या भोकांसकट कुणाकडे बघायला मिळत नाही. सासऱ्यांनी खुशीत मला दोनदा चहा टाकायला लावला.

कात्रणांबरोबर घरातले कागदही त्यांना हवे होते. सासऱ्यांचा नेमणुकीचा हुकूम निघाला, बदलीचे आदेश निघाले, निरोपाच्या वेळी दिलेलं मानपत्र निघालं, जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं निघाली. त्यांचा चांगला ढीग झाला. “आईंचं काही?” मॅडमनी विचारलं. शोधून शोधून एक लग्नपत्रिका सापडली, आणि तिच्यावरचं नाव माहेरचं होतं. ते लग्नातच बदललं होतं.

जाताना मॅडम म्हणाल्या, “तुमचे कप्पे आम्ही आहेत तसेच ठेवणार, सर. फक्त एकदा नंबर पडले की मग इकडचं तिकडे होणार नाही. काही हलवायचं असेल तर आम्ही न्यायला येण्याआधी हलवून ठेवा.”

हे आईंनी आतून ऐकलं. संध्याकाळी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, “माजं पेपरात एकदाच आलंय. त्ये बी ह्यांच्या नावानं, आन् त्ये बी ‘म्हणे’त, त्या वासराच्या शेजारी. आता कॉलेजात जाऊन कायमचं तितंच ऱ्हायचं व्हय?”

त्या हसत नव्हत्या. मी इतकी वर्षं ज्याला लटकं भांडण समजत होते, त्यात त्यांचा जीव अडकला होता हे मला त्या क्षणी कळलं, आणि मला फार वाईट वाटलं.

“मी गुपचूप हलवते, आई,” मी म्हणाले. “त्यांना कुठे दिसणार आहे?”

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. “तसं नको. त्यांनी हलवाय पायजे.” मग जुडी परत उचलून म्हणाल्या, “लग्नात नाव ठिवलं त्ये बी ह्यांनीच. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिवलं. लई निवडून ठिवलं, म्हनत्यात. ठिवलं आन् झाकून ठिवलं. एक दिस हाक मारली न्हाई त्या नावानं.”

मॅडम न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आई स्वतः गिरणीत जाऊन ताजी बाजरी दळून घेऊन आल्या. “दावते करून,” एवढंच म्हणाल्या. इतक्या वर्षांची अट त्यांनी सोडली होती. मी सुट्टी टाकली होती, खोकी बांधायची म्हणून. ते राहिलं बाजूला, मी त्यांच्याशेजारी उभी राहिले.

उकळत्या पाण्यात पीठ घालून त्यांनी उकड काढली आणि गरम गरमच मळायला घेतली. चटके बसत होते, तरी हात काढेनात. तीळ-गुळाचं सारण केलं. पारी लाटली, पातळ, गोल, एक चीर नाही. मी बघतच राहिले. तिथपर्यंत सगळं जमलं. मग मुरड घालायला घेतली आणि अंगठा ऐकेना. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झालीत. चिमटीत कड धरायची, दुमडायची, दाबायची, एवढंच काम, पण चिमूट नीट मिटत नव्हती. कड उघडीच राहायची. तरी त्यांनी करंजी तेलात सोडली. ती उकलली आणि सारण कढईभर झालं. दुसरीही उकलली. तिसरी झाऱ्यावरच मोडली.

“मुरड मी घालते,” मी म्हटलं.

“तू घातलीस तर माजी कशी?” त्यांनी माझा हात झटकला.

सासरे केव्हा दारात येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलं नाही. “झाली का?” त्यांनी विचारलं. आवाजात थट्टा अजिबात नव्हती. त्यांना खरंच ती व्हायला हवी होती.

आईंनी गॅस बंद केला. “न्हाई झाली. ऱ्हाऊ द्या ‘म्हणे’तच.” मग कढईकडे बघत म्हणाल्या, “तवा झाली हुती. गव्हाचा कन बी नव्हता तिच्यात. पन आता न्हाई हुत.” आणि पदर तोंडाला लावून त्या मागच्या गॅलरीत निघून गेल्या.

मला सासऱ्यांचा भयंकर राग आला. त्यांच्यावर माझा फार जीव आहे, पण त्या वेळी वाटलं, तो ‘म्हणे’चा डबा उचलावा आणि गच्चीवरून खाली टाकावा. “बाबा, एक कागद हलवायला काय जात होतं तुमचं?” मी बोलून गेले. ते चाचपडत ओट्यापाशी आले, ताटलीतले मोडके तुकडे हातानं शोधले आणि उभ्या उभ्या एकेक करून सगळे खाल्ले. मग खोलीत जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी पेपरसुद्धा वाचायला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम टेम्पो घेऊन आल्या. ट्रंक खाली गेली, मग साड्यांची खोकी गेली, आणि माझ्या कपाटाचं डोकं कित्येक वर्षांनी मोकळं झालं. आई आत भांडी घासत होत्या. त्यांनी निरोपाला बाहेर यायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. ‘म्हणे’चा डबा तेवढा राहिला. तो सासऱ्यांनी मांडीवर घेतला आणि झाकणावर हात ठेवून बसले.

“करंजीचं काढ,” ते मला म्हणाले.

मी ते पान काढून हातात दिलं. त्यांनी बोटांनी टाके शोधले आणि नखानं एकेक उसवला. वेळ लागला. मॅडमनी मदत करायला हात पुढे केला, मी मानेनंच नको म्हटलं. कात्रण सुटं झाल्यावर त्यांनी ते मॅडमसमोर धरलं. “हे ‘झालं’मध्ये घ्या.”

मॅडमना एव्हाना सगळे नियम पाठ झाले होते. त्यांनी पेन उघडलं आणि प्रामाणिकपणे विचारलं, “म्हणजे हे तुम्ही पाहिलंत, सर?”

“नाही.”

“मग?”

“तिनं सांगितलंय.”

ज्यांनी पोटच्या मुलानं काढून आणलेला पूल मानला नाही, ते हे म्हणत होते. आणि तेही आदल्या दिवशी तीनही करंज्या मोडल्यावर. मला रडू फुटलं आणि मी ते लपवायला डब्याचं झाकण शोधायला लागले. झाकण माझ्याच हातात होतं.

“आणखी एक,” सासरे म्हणाले. “बातमीत नाव चुकीचं छापलंय. दुरुस्ती लिहून घ्या.”

ते ताठ बसले, घसा साफ केला आणि त्यांनी आईंचं नाव सांगितलं. संपूर्ण. लिहिताना पुन्हा चूक व्हायला नको म्हणून वर्गात हजेरी घ्यावी तसं मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून.

आत भांड्यांचा आवाज थांबला.

“ओ,” आई म्हणाल्या. “आले, आले.”